रंगपीठावरील दुःख आणि पडद्यावरील दुःख

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत गेलीं कांहीं वर्षें एक प्रकार जणूं ठरल्याप्रमाणें घडत आला आहे. नाट्यछटांचा कार्यक्रम चालू असतां कोणी तरी एक विद्यार्थी खांद्यावर फाटकी शाल घेऊन व केसांना पीठ लावून रंगमंचावर येतो आणि वृद्ध गणपतराव बेलवलकरांचें तें घर मागणारें स्वगत म्हणूं लागतो. पालकवर्ग स्तब्ध होतो, मातांचे पदर डोळ्यांकडे जातात, आणि पारितोषिक बहुधा त्याच मुलाच्या पदरांत पडतें. यंदां त्या मुलास मीं पडद्यामागें सहज विचारलें, "हें कोणी लिहिलें आहे रे?" त्यानें क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर दिलें, "सर, नाना पाटेकरांनीं." शेजारीं उभा असलेला त्याचा मित्र त्यास हंसला व म्हणाला, "अरे, नाना पाटेकरांनीं नव्हे, महेश मांजरेकरांनीं!"

दोघांनाही दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं नाटक पाहिलें नाहीं, त्यांच्या वडिलांनींही पाहिलें नाहीं. त्यांनीं पाहिला तो चित्रपट, आणि तोही बहुधा हातांतल्या फोनवर. परंतु त्या उत्तरानें मला विचारांत पाडलें. एक श्रेष्ठ शोकपर्यवसायी नाटक रंगभूमीवरून पडद्यावर जातें तेव्हां त्याबरोबर काय जातें आणि मागें काय राहतें, हा प्रश्न केवळ नाटकवेड्यांचा नाहीं. ज्या घरांत वृद्ध आईबाप आहेत अशा प्रत्येक घराशीं त्याचा संबंध पोहोंचतो, असें मला वाटतें. कां, तें पुढें सांगतों.

ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडी माहिती. 'नटसम्राट' हें नाटक वि. वा. शिरवाडकरांचें, म्हणजे पाठ्यपुस्तकांतून तुम्हांस परिचित असलेल्या कुसुमाग्रजांचें. त्यांच्या जन्मदिनीं, २७ फेब्रुवारीस, आपण मराठी भाषा गौरव दिन पाळतों. नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजीं धि गोवा हिंदु असोसिएशन ह्या संस्थेनें केला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर होते, आणि गणपतरावांची भूमिका डॉ. श्रीराम लागू ह्यांनीं केली. लागू हे व्यवसायानें कान, नाक व घसा ह्यांचे शल्यवैद्य. तो जम बसलेला व्यवसाय सोडून ते रंगभूमीवर आले होते. पुढें दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनीं ती भूमिका खांद्यावर घेतली. १९७४ सालीं नाटकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महेश मांजरेकर ह्यांचा चित्रपट प्रदर्शित झाला तो १ जानेवारी २०१६ रोजीं. पुढें गुजराती आणि तेलुगु भाषांतही त्यावरून चित्रपट निघाले. म्हणजे एका मराठी नटाचें दुःख आतां पुष्कळ घरांत पोहोंचलें आहे, आणि तें नाटकानें नव्हे, पडद्यानें पोहोंचविलें आहे. हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

चित्रपटानें मूळांत फेरफार केले म्हणून नाकें मुरडणारे रसिक मला भेटतात. त्यांचें म्हणणें मला मुळींच पटत नाहीं. शिरवाडकरांनीं तरी काय केलें? शेक्सपिअरचा राजा लियर हा सुमारें १६०६ मधला. त्यास तीन मुली आहेत, आणि राणीचें तर नांवही नाटकांत नाहीं. शिरवाडकरांनीं राजाचा नट केला, राज्याचें घर व ठेव केली, तीन मुलींच्या ठिकाणीं एक मुलगा व एक मुलगी आणली, आणि जी लियरची धाकटी, निर्मळ मनाची कन्या कॉर्डिलिया, तिला अजिबात वगळलें. उलट ज्या राणीचा लियरमध्यें पत्ता नाहीं तिला त्यांनीं कावेरी म्हणून उभी केली. गणपतराव तिला 'सरकार' म्हणून हांक मारतात. संपूर्ण नाटकाचा जीव त्या एका हाकेंत आहे, असें म्हटलें तरी चालेल. इतका मोठा बदल करूनही लियरचा आत्मा शाबूत राहिला. तेव्हां बदल हा अपराध नव्हे. अपराध कशास म्हणावें ह्याचें उत्तम उदाहरण इंग्लंडांतच घडलें. १६८१ मध्यें नेअम टेट नामक गृहस्थानें लियरचा शेवट गोड करून टाकला. कॉर्डिलिया जिवंत राहिली, तिचें लग्नही लागलें, आणि म्हातारा राजा सुखी झाला. प्रेक्षकांस तें इतकें मानवलें, कीं जवळजवळ दीड शतक इंग्रजी रंगभूमीवर हाच लियर नांदला. १८३८ सालीं मॅक्रेडी ह्या नटानें मूळचा लियर पुन्हां उभा केला. दुःख पाहावयास जावें पण तें सोसवूं नये, ही खोड केवळ आपली नाहीं! आपल्याकडे तर भरतमुनींच्या परंपरेनें रंगपीठावर मृत्यु दाखविणेंच निषिद्ध मानलें. भासाच्या 'ऊरुभंगां'तला दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो हा अपवाद. असो.

आतां पडद्याची गोष्ट. भारतांत शेक्सपिअर बोलपटांत आला त्याचें एक आरंभींचें उदाहरण म्हणजे १९३५ सालचा सोहराब मोदींचा 'खून का खून' हा चित्रपट. तो हॅम्लेट होता, आणि पारशी रंगभूमीवर चालणारें नाटकच कॅमेऱ्यापुढें उभें करून तो घेतलेला होता. कॅमेरा त्या काळीं एका जागीं बसलेल्या सभ्य प्रेक्षकासारखा होता. आज तो उठून नटाच्या तोंडापाशीं जातो. पापणी थरथरली तर पडद्यावर ती हातभर दिसते. नाना पाटेकरांच्या अभिनयांत ह्याचा लाभ पुरेपूर दिसतो. जें शब्दांत नाहीं तें त्यांचा चेहरा बोलतो. शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकास ऐकूं जावें म्हणून नाटकांतील नटास आवाज चढवावा लागतो, आणि त्या चढलेल्या आवाजांत नाजूक भाव पुष्कळदां हरवतो. तो हरवलेला भाव चित्रपटानें परत आणला.

पण जवळ जाण्याचें मोलही द्यावें लागतें. नाटकाच्या आरंभीं गणपतरावांचा सत्कार होतो. तें सत्काराचें भाषण ते करतात कोणापुढें? आपल्यापुढें. म्हणजे तिकीट काढून बसलेले आपण प्रेक्षक हेच त्या सत्काराचे श्रोते होतों. आपणच टाळ्या वाजवतों. आणि दोन अंकांनंतर तोच म्हातारा रस्त्यावर पडलेला दिसतो तेव्हां आपल्या मनांत आपोआप येतें, कीं ह्याला टाळ्या वाजवून आपण घरीं निघून गेलों होतों. आपल्या जिल्ह्यांत, नर्सीस नामदेवांच्या गांवीं ज्यांनीं कीर्तन ऐकलें असेल त्यांस मी काय म्हणतों तें चटकन उमगेल. कीर्तनकार श्रोत्यांस नुसतें बसूं देत नाहीं. त्यांच्याकडून नाम वदवितो, टाळी वाजवून घेतो, मग कथेंत ओढतो. रंगभूमीचें सामर्थ्य ह्याच जातीचें आहे. चित्रपटांत सत्कार होतो, टाळ्याही वाजतात, पण वाजविणारे पडद्यांतले लोक असतात. आपण अंधारांत बसून नुसते पाहतों. आपल्या हातून कांहींच घडलेलें नसतें, म्हणून आपला अपराधही कांहीं नसतो.

माझी तक्रार ती हीच. चित्रपट पाहून आपण गणपतरावांसाठीं रडतों, आणि रडतांना त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहतों. मुलाचा राग येतो, सुनेचा येतो, मुलीचा तर फारच येतो. पण शोकपर्यवसायी नाटक कोणाच्या बाजूला उभें राहावयाचें तें इतक्या सहज ठरवूं देत नाहीं. गणपतराव थोर आहेत, आणि त्याच वेळीं सहवासास अवघडही आहेत. घर आणि रंगमंच ह्यांतला उंबरठा त्यांस दिसत नाहीं. नातवंडाशीं खेळतांना, पाहुण्यांपुढें, जेवणाच्या पाटावर त्यांचें नाटक चालूच असतें. सर्वस्व देऊन टाकण्यांतही केवढा थाट! लियरचाही दोष हाच, कीं देणें म्हणजे टाळ्या घेणें असें त्यास वाटलें. रंगमंचावर म्हातारा आणि सून ह्या दोन्ही व्यक्ती आपणांस एकाच अंतरावरून दिसतात. तिचाही त्रास आपण पाहूं शकतों. चित्रपटानें मुलांच्या तोंडीं कांहीं घातलें नाहीं असें नाहीं, परंतु कॅमेरा फिरून फिरून येतो तो अप्पांच्याच मुद्रेवर.

चित्रपटानें नव्यानें घातलेल्या एका गोष्टीचें मात्र मनापासून कौतुक केलें पाहिजे. रामभाऊ हें पात्र नाटकांत नाहीं. विक्रम गोखले ह्यांनीं तें केलें. दोन जुने नट, दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी व जिवलग, आणि रुग्णशय्येपाशीं त्यांचा तो जुन्या भूमिका जागविणारा प्रसंग; चित्रपटांतला सर्वोत्तम भाग तोच, असें माझें मत आहे. कारण तेथें कोणी खलपुरुष नाहीं. तेथें फक्त वार्धक्य आहे.

चित्रपट पाहून आलेले पालक मला काय म्हणाले तें सांगतों, म्हणजे वरची तक्रार पोकळ नाहीं हें ध्यानीं येईल. एकदोघांचा अपवाद सोडला तर सर्वांनीं एकच बोध घेतला होता: "सर, जिवंतपणीं सातबारा मुलांच्या नांवावर करूं नये." बोध खोटा नाहीं. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या चरितार्थासाठीं २००७ सालीं झालेल्या कायद्यांत तशी तरतूदही आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानें तो केला नाहीं, तर न्यायाधिकरण तें हस्तांतर रद्दबातल ठरवूं शकतें. ज्यांस गरज असेल त्यांनीं हें अवश्य ठाऊक करून घ्यावें. परंतु घराचा कागद परत मिळाला असता तर गणपतराव सुखी झाले असते काय? चोरीचा संशय आला तेव्हां त्यांचें काय मोडलें? कागद नव्हे. ज्या शोकनाट्याचा बोध तलाठ्याच्या कचेरींत संपतो त्याचें कांहीं तरी वाटेंत सांडलें आहे, हें उघड आहे.

पडद्यावर हें साधतच नाहीं असें कोणी म्हणेल तर तेंही चूक. जपानच्या अकिरा कुरोसावा ह्यांनीं १९८५ मध्यें 'रान' हा चित्रपट लियरवरूनच केला. त्यांनीं मुलींचे मुलगे केले आणि शेक्सपिअरची काव्यमय भाषा सोडून दिली. पण म्हाताऱ्या सरदाराला त्यांनीं एक भूतकाळ दिला: तारुण्यांत त्यानें जीं घराणीं जाळलीं व संपविलीं त्याच घराण्यांतल्या मुली आज त्याच्या सुना आहेत, आणि ज्या बालकाचे डोळे त्यानें काढविले तो आंधळा तरुण रानांतल्या झोंपडींत बांसरी वाजवीत बसला आहे. वादळांत भटकतांना म्हातारा आश्रयास जातो तो नेमका त्याच झोंपडींत! तेथें आपण त्याची दया करावी कीं नाहीं हें कळेनासें होतें. रशियाच्या ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह ह्यांनीं १९७१ च्या आपल्या लियरमध्यें आरंभींच दरिद्री लोकांची रांग माळरानावरून चालतांना दाखविली. राजा पुढें त्यांच्यांतच मिसळतो. त्याचें दुःख अनेकांच्या दुःखांतलें एक होतें. दोघांनींही कॅमेरा म्हाताऱ्याच्या तोंडापासून थोडा दूर नेला.

आतां एक घरची गोष्ट लिहितों. ती लिहावी कीं नाहीं ह्याचा मीं पुष्कळ विचार केला.

माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. तरुणपणीं गांवच्या जत्रेंत त्यांनीं नाटकांतून कामें केलीं. आई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. एके सायंकाळीं मेहुणीच्या सोयरिकीचीं बोलणीं करण्यास पाहुणे आले होते. बोलण्यांत नाटकाचा विषय निघाला, आणि बाबांनीं उभें राहून एक लांबलचक भाषण म्हणावयास आरंभ केला. पाहुणे एकमेकांकडे पाहूं लागले. मी म्हणालों, "बाबा, पुरे आतां. लोक कामासाठीं आले आहेत." ते बसले. सोयरीक ठरली, सर्व कांहीं व्यवस्थित पार पडलें. त्यानंतर पाहुणे आले कीं बाबा आपल्या खोलींतून बाहेर येत नाहींत.

पुढें कांहीं महिन्यांनीं घरीं दूरदर्शन संचावर हा चित्रपट लागला. मी रडलों, मुलगा व मुलगी ह्यांचा मला संताप आला. बाबांचे डोळे कोरडे होते. शेवटीं ते एवढेंच म्हणाले, "अरे, माणूस मोठा होता. पण घरांत पडदा पाडावा लागतो, तें त्याला जमलें नाहीं." मला तें तेव्हां अरसिकपणाचें वाटलें. त्या संध्याकाळची आठवण मला चित्रपट चालू असतां एकदांही झाली नाहीं. आपण त्या कथेंत कोण आहोंत, हा प्रश्न चित्रपटानें मला विचारलाच नाहीं.

तो विचारला नववीच्या एका मुलीनें, आणि तेंही नकळत. ह्या वर्षीं आम्हीं वर्गांत नाटकाचें पुस्तक घेऊन भूमिका वांटून वाचन केलें. नलूचें, म्हणजे चित्रपटांत जिला विद्या म्हणतात त्या मुलीचें, काम कोणी घेईना. "ती वाईट आहे सर," असें सर्वजणी म्हणाल्या. अखेर एका मुलीनें घेतलें. तिनें तें वाईट बाईसारखें वाचलें नाहीं. दिवसभराच्या कामानें दमलेल्या, सर्वांकडे पाहतां पाहतां मेटाकुटीस आलेल्या बाईसारखें वाचलें. आवाज चढविला नाहीं. ऐकतां ऐकतां मला माझाच आवाज ऐकूं आला. तास संपल्यावर मी थोडा वेळ वर्गांतच बसून राहिलों. शब्द तेच होते. कॅमेरा नव्हता, म्हणून कोणाकडे पाहावें हें कोणी ठरवून दिलेलें नव्हतें.

ह्या वाचनानंतर मुलांनीं हट्ट धरला, कीं आपणही फोनवर 'नटसम्राट' चित्रित करूं. त्यांस मीं समजाविलें, कीं शिरवाडकर १९९९ सालीं निवर्तले आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत, त्यांच्या लेखनाचे हक्क राखलेले आहेत. परवानगीवांचून त्यावर चित्रपट करतां येत नाहीं. मग गडकऱ्यांचें 'एकच प्याला' निघालें. गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले, आणि गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक त्याच वर्षीं रंगभूमीवर आणलें. बालगंधर्वांची सिंधू सर्व महाराष्ट्रास वेड लावून गेली. त्यावर आज कोणाचा हक्क नाहीं. विषयही जुना झालेला नाहीं, हें आपल्या तालुक्यांतल्या कोणत्याही गांवीं रात्रीं नऊनंतर फिरणाऱ्यास सांगावयास नको.

पण पहिल्याच बैठकींत वाद पेटला. गडकऱ्यांची सिंधू दळण दळून संसार रेटते. आजची सिंधू काय करील? एकानें सांगितलें, सोयाबीन कापणीस जाईल. दुसऱ्यानें, हळद शिजविण्याच्या कामावर. इथपर्यंत एकमत झालें. मग एक मुलगी उठली व म्हणाली, "सर, आजची सिंधू तिथें राहील कशाला? लेकरूं घेऊन माहेरीं जाईल, नाहीं तर पोलिसांत जाईल." अर्धा वर्ग तिच्या बाजूला गेला. उरलेला अर्धा म्हणाला, कीं ती गेली तर नाटकच संपलें, दुःख उरतें कोठें?

मला विचाराल तर तिला जाऊं द्यावें. गडकऱ्यांच्या काळीं पतीच्या पायाशीं प्राण सोडण्यांत प्रेक्षकांस जें उदात्त दिसलें तें आज तसेंच दाखविलें तर आमच्या मुलींपुढें चुकीचा आदर्श उभा राहील. आणि ती गेल्यानें सुधाकराचें दुःख कमी होत नाहीं. उलट त्याच्यापाशीं कोणी दोष द्यावयासही उरत नाहीं. रिकाम्या घरांत तो, आणि तो प्याला. कॅमेरा कोठें ठेवावा? माझें मत असें, कीं दाराबाहेर; जेथून शेजारीपाजारी रोज जातात आणि आंत पाहून न पाहिल्यासारखें करतात तेथें. ह्यावर मुलांचें एकमत झालेलें नाहीं. चित्रीकरण दिवाळीच्या सुट्टींत करावयाचें ठरलें आहे. तळीरामाच्या कामास एकही विद्यार्थी तयार नाहीं, आणि बाबांनीं तें मागून घेतलें आहे.